सर्व्हरचा नकार आणि त्याचा अर्थ

हिशेबाचे सॉफ्टवेअर एका संगणकावर व त्याचा डेटाबेस दुसऱ्या संगणकावर, ही व्यवस्था व्यापारी पेढ्यांत आता रूढ आहे. या दोहोंमधील संपर्क तुटला की बिले निघत नाहीत, पगारपत्रके अडतात. मग घाईघाईने कोणी पासवर्ड बदलतो, कोणी फायरवॉलच बंद करतो. वस्तुतः दोष कोणत्या पायरीवर आहे, हे नकाराच्या शब्दांतच बहुधा सूचित झालेले असते. पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेसच्या उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल.

पहिली पायरी नावाची. सर्व्हरच्या नावावरून पत्ता मिळत नाही, असा संदेश आल्यास चूक नावात किंवा डीएनएसच्या व्यवस्थेत शोधावी. डेटाबेसपर्यंत निरोप पोहोचलेलाच नसतो.

दुसरी पायरी पोर्टची. त्याचा रूढ क्रमांक ५४३२ होय. येथे नकार आणि मौन यांत भेद केला पाहिजे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे उत्तर तत्काळ आले, तर त्या पोर्टवर ऐकणारे बहुधा कोणी नाही. सर्व्हर बंद असेल, अथवा मूळ मांडणीप्रमाणे तो केवळ स्वतःच्या यंत्रावरूनच विनंत्या स्वीकारीत असेल. याउलट, दीर्घकाळ उत्तरच न येता 'टाइम्ड आउट' असे दिसले, तर वाटेतील फायरवॉलविषयी संशय घ्यावा.

तिसरी पायरी परवान्याची. 'पीजी-एचबीए' फाइलीत नोंद नाही, असे सर्व्हर सांगत असेल, तर नेटवर्क निर्दोष आहे हे उघड आहे. या फाइलीतील ओळी वरून खाली वाचल्या जातात व जुळणारी पहिलीच ओळ लागू होते. तेथे 'ट्रस्ट' असे लिहिल्याने अडचण दूर होते खरी. परंतु त्या ओळीत बसणाऱ्या कोणासही पासवर्डावाचून प्रवेश मिळतो व पेढीचे सर्व हिशेब उघडे पडतात.

चौथी पायरी ओळखीची. पासवर्ड अमान्य झाल्याचा संदेश मात्र केवळ वाच्यार्थाने घेऊ नये. त्या नावाचा वापरकर्ता मुळी अस्तित्वातच नसला, तरी बाहेर हेच उत्तर दिले जाते. कोणती नावे खरी आहेत हे परक्यास कळू नये, हा त्यातील हेतू. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंदलेले असते.

तात्पर्य, उपाय योजण्यापूर्वी संदेश पूर्ण वाचावा आणि तो कोणी, कोणास उद्देशून उच्चारला आहे, हे ठरवावे. अर्थनिर्णयाचा हा नियम भाषेच्या अभ्यासकास नवा नाही.