शिवणीत सोडलेली माया

शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना बायका आजही बजावतात, ‘आत माया ठेवा हं.’ टिपेच्या पलीकडे, आतल्या अंगाला मुडपून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात. अंग भरलं की टीप उसवायची, तेच पोलकं पुन्हा अंगात यायचं. एकदा बेतलं म्हणजे कापडाचं आयुष्य ठरून गेलं, असं आपल्या घरांत कधी मानलंच नव्हतं.

नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते मधे विरलं, की तेवढा भाग काढून दोन्ही धडके तुकडे दांड घालून जोडायचे. दांडाचं लुगडंही जीर्ण झालं, की परकर, कुंची, झबलं, दुपटं. उरलेलं गोधडीच्या पोटात. मऊ, विरलेलं कापड आत आणि धडकं वरखाली, मग कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा. अगदीच चिंध्या उरल्या तर चुंबळ नाहीतर पोतेरं.

आजच्या कपाटाचं दुखणं वेगळं आहे. त्यात फाटलेले कपडे थोडे आणि न वापरलेले फार. आहेरात आलेल्या साड्या, दंडात घट्ट झालेले कुर्ते, निवृत्तीनंतर पडून राहिलेले ऑफिसचे शर्ट, कंबरेला न बसणाऱ्या जीन्स. यांतलं कापड धडधाकट आहे. आजीला विरलेल्या कापडातून जे काढावं लागे, ते आपल्याला कितीतरी सोपं आहे. फक्त कात्री आधी हातात घ्यायची नाही.

आधी कापड धुऊन वाळवा आणि उजेडासमोर धरा. विरळ जागा लगेच दिसतात. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं घडीवर चिरतं, म्हणून तिथे हलका ताण देऊन पाहा. चिरत असेल, तर अंगावर घालायच्या कपड्यासाठी ते वापरू नका. सुती अस्तर लावून बटवा करा. जुना कपडा शिवणीलगत कापण्याऐवजी उसवा. वेळ जातो, पण आतली माया हाती लागते, आणि बाही सैल करायला कधी कधी तेवढंच कापड हवं असतं.

साडीचा कुर्ता करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साडीचा पन्हा साधारण 45 इंच, म्हणजे जवळपास कुर्त्याच्या लांबीइतका. काठ खाली घेरावर हवा असेल, तर कापड आडवं धरून बेतावं लागतं. नेहमी उभा असणारा ताणा मग आडवा जातो आणि कुर्ता अंगावर थोडा ताठ पडतो. म्हणून या कामाला मऊ सुती साडी उत्तम. साध्या, घेर नसलेल्या कुर्त्याला दोन-अडीच मीटर पुरतात. साडेपाच मीटरच्या साडीत पदर अख्खा उरतो, त्याची ओढणी होते. इरकलीच्या बाबतीत तर पदर अख्खाच ठेवावा. तिच्या अंगाचे आणि पदराचे उभे धागे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. तो जोड हे विणकराचं कसब आहे, त्यावर कात्री चालवू नये.

शिवणाची सवय नसेल, तर शर्टापासून सुरुवात करा. बटणपट्टी मधोमध ठेवून पुढच्या भागाचा 17 इंची चौकोन कापा, तसाच पाठीचा. सुलट बाजू समोरासमोर ठेवून, अर्धा इंच माया सोडून चारही बाजूंनी टीप मारा. बटणं काढून उलटा केला, की 16 इंचांच्या उशीचा अभ्रा तयार. काज-बटणांचं किचकट काम शर्टाने आधीच करून ठेवलेलं असतं. जीन्सचा पाय म्हणजे आयती नळी. एक तोंड शिवा, कमरेच्या पट्टीचे बंद लावा, भाजीची दणकट पिशवी होते. मात्र मशीनला 16 नंबरची सुई लावा. बारीक सुई जाड शिवणीवर मोडते. टी-शर्टचं कापड विणीचं, त्याच्या कडांचे धागे सुटत नाहीत. त्याच्या पट्ट्या कापून वेणी घाला आणि ती गोल शिवत गेलात, की मऊ पायपुसणं होतं.

बारीक तुकडे टाकू नका. तिरप्या धाग्यावर कापलेली उरेब पट्टी गळ्याच्या गोलाईवर सहज वळते, कारण तिरपं कापड ताणलं जातं. एका जुन्या ओढणीतून अशा पट्ट्या कितीतरी निघतात.

तयार कपड्यांत आता माया जेमतेम असते. म्हणूनच घरी नवं काही शिवताना ती सढळ सोडावी, कुर्त्याच्या दोन्ही कुशींना निदान एकेक इंच. उद्या तोच कुर्ता भाचीकडे जाईल. तिचं माप वेगळं असेल, आवड वेगळी असेल. तिला उसवायला जागा मिळाली पाहिजे.