पाचूवर न कोरलेले नाव

कतारची राजधानी दोहा येथील इस्लामी कला संग्रहालयाच्या संग्रहात एक आयताकृती पाचू आहे. वजन २१७.८० कॅरट, म्हणजे सुमारे पावणेचार तोळे. एका बाजूस बारा इमामांचे स्मरण करणारी अरबी प्रार्थना, दुसऱ्या बाजूस फुलापानांची नक्षी. सप्टेंबर २००१ मध्ये लंडनला ख्रिस्तीज या पेढीच्या लिलावात या ‘मोगल पाचू’ला १५ लाख पौंडांहून अधिक किंमत आली आणि पुढे तो या संग्रहालयात दाखल झाला. आपला वारसा परदेशी गेला, अशी हळहळ अशा वेळी व्यक्त होते. ती स्वाभाविक आहे. तथापि या वारशात आपले नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे.

दगड आपला नव्हेच. तो दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाचा. तेथील खाणी सोळाव्या शतकात स्पेनने बळकावल्या आणि स्थानिक लोकांना त्यांत राबविले. असे पाचू युरोपमार्गे पोर्तुगीजांच्या गोव्यात येत व तेथून मोगल दरबारी पोहोचत. या पाचूवर हिजरी ११०७, म्हणजे इ. स. १६९५-९६ हे वर्ष आहे. तेव्हा औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी झुंजत होता. पण बादशहा सुन्नी आणि प्रार्थना शिया परंपरेतील. म्हणून दरबारातील वा दख्खनमधील एखाद्या शिया सरदारासाठी हा पाचू कोरला गेला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

आपले आहे ते कसब. पाचू कठीण खरा, परंतु ठिसूळही. त्याच्या पोटात जन्मतःच चिरा असतात. हात किंचित चुकला की अनमोल खड्याचे तुकडे. अशा दगडावर अक्षरांचे वळण जराही न बिघडविता प्रार्थना कोरणाऱ्या कारागिराचे नाव मात्र त्यावर नाही. इमामांची नावे कोरली गेली, वर्ष कोरले गेले, तीन शतकांनी लिलावाची रक्कमही नोंदली गेली. ज्याच्या हाताने त्या दगडाचे मोल वाढले, तो तेवढा अनाम राहिला.

हे केवळ मोगल काळाचे वैगुण्य नव्हे. जयपुरात आजही असंख्य हात पाचूला पैलू पाडतात. तयार दागिन्यावर नाव असते ते पेढीचे. दोह्याचा पाचू परत आणणे आपल्या हाती नसेल. आजच्या कारागिराचे नाव त्याच्या कामाशेजारी लिहून ठेवणे मात्र आहे, आणि त्याला लाखो पौंड लागत नाहीत.