बाबांच्या गाडीला निरोप देताना

घरातले माणूस गेले की आपण रडतो. पण पत्र्याची आणि लोखंडाची एक वस्तू दारातून जाताना डोळ्यांत पाणी येईल, असे मला आधी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. गेल्या हिवाळ्यात सडक अर्जुनीच्या आमच्या घरासमोर एक ट्रक येऊन उभा राहिला आणि कडुनिंबाखाली चार वर्षे उभी असलेली आमची मारुती आठशे त्यावर चढवली गेली. तेव्हा आईने पदर तोंडाला लावला आणि मीही तोंड फिरवले.

कालकथित बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून त्यांनी २००७ साली ही गाडी घेतली. नवी नव्हे, सहा वर्षे वापरलेली, एमएच-३१ म्हणजे नागपूर पासिंगची. नातेवाईक म्हणाले, "या वयात गाडी कशाला? घराला स्लॅब टाका." बाबा कमी बोलायचे. एवढेच म्हणाले, "स्लॅब मी गेल्यावर पोरगा टाकेल. गाडीत मला बसायचं आहे."

या हट्टामागे काय होते ते मला उशिरा कळले. माझे आजोबा मालगुजाराच्या धानाच्या बंडीमागे कोसकोस पायी चालले. बंडी रिकामी परत येत असली तरी त्यांना तिच्यात बसता येत नव्हते. आपल्या वाचकांना हे नवीन नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९०१ सालचा प्रवास लिहिला आहे. मसूर स्टेशनावर उतरलेल्या त्या लहान मुलांना जात कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि तेही मुलांनी स्वतः बैल हाकायचे या अटीवर. पुढे १९२९ मध्ये चाळीसगावला बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांचा टांगा हाकायलाही टांगेवाले तयार नव्हते. सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्या समाजाने असे प्रवास केले, त्याच्या घरासमोर स्वतःची गाडी उभी राहणे ही नुसती चैन नसते.

बाबांनी ती चैन म्हणून वापरलीही नाही. रात्री-अपरात्री दार वाजले की ते विचारायचे, "कोणाला न्यायचं?" वस्तीतल्या किती बाळंतिणी त्या गाडीतून कोहमाऱ्याच्या चौकातून गोंदियाकडे गेल्या असतील, याचा हिशेब नाही. कोणाची जात विचारली नाही, पेट्रोलचे पैसे मागितले नाहीत. कोणी दिलेच तर घेतले, कारण गाडी पाण्यावर चालत नाही हे त्यांना ठाऊक होते. दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जाताना पाच जणांच्या गाडीत सात जण बसायचे. आजही डोळे मिटले की मागच्या सीटवर भाकरीच्या गाठोड्यांचा वास येतो.

या छोट्या गाडीने देशातल्या कितीतरी घरांना असेच दिवस दाखवले. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती आठशेची चावी हरपाल सिंग यांना मिळाली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. २०१० साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ती गाडी विकली नाही. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे ते इंजिन गावातला साधा मिस्त्रीही उघडून दुरुस्त करी. २५ लाखांहून अधिक गाड्या निघाल्यावर १८ जानेवारी २०१४ रोजी तिचे उत्पादन थांबले.

२०२१ मध्ये बाबा गेले. त्याच वर्षी गाडीच्या नोंदणीची मुदतही संपली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. बाबांनी २०१६ मध्ये एकदा वाढवून घेतली होती. नंतर गाडीला हात लावायचे कोणाच्या मनात आले नाही. पावसाने खालचा पत्रा सडला, सीटमध्ये उंदरांनी घर केले.

मी पेशाने कारकून. दुसऱ्यांच्या फायली वेळेवर हलाव्यात म्हणून भांडणारा माणूस, पण घरची फाईल चार वर्षे बांधून ठेवली. शेवटी आईच म्हणाली, "बाबू, ते अशी सडून रायली, मले पाहावत नाही. काय करायचं ते कर, पन नीट कर."

नीट म्हणजे काय, हे शोधताना जे कळले ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

एक गिऱ्हाईक आले होते. म्हणाले, "पंधरा हजार घ्या, कागदाचं नंतर पाहू." माझ्या एका मित्राने अशाच बोलीवर मोटारसायकल दिली होती. दोन वर्षांनी ती गाडी अपघातात सापडली आणि नोटीस मित्राच्या घरी आली. त्याला वाटले, गाडी विकली म्हणजे आपला संबंध संपला. कायदा तसे म्हणत नाही. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. त्यात गाडी हातोहात विकली गेली होती, पण आरटीओच्या दप्तरी पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. अपघातात एका मुलाचा जीव गेला. दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने ठरवले. हातावर पोट असलेल्या कुटुंबावर अशी भरपाई आली तर घरदार विकावे लागेल.

म्हणून गाडी विकायची असेल तर फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरल्याशिवाय चावी देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्या कागदांची पोचपावती जपून ठेवा. मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. आम्ही हे केले नाही, ती आमची चूक.

गाडी ठेवायची तर खर्चही मोजा. १५ वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारीला ते १०,००० रुपये झाले. उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा आणि दुरुस्ती वेगळी. आमची गाडी २००१ सालची. सडलेल्या पत्र्यावर एवढा खर्च झेपणारा नव्हता.

राहिला मार्ग मोडीचा. भंगारवाल्याला तशीच देऊन टाकली तर दप्तरात नाव तसेच राहते आणि चेसिस नंबर कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंदलेली मोडणी केंद्रे आहेत. तिथे आरसी बुक, मालकाचे ओळखपत्र आणि मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा लागतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा लागतो. केंद्र गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र देते, मोडल्यावर मोडल्याचे देते आणि नोंदणी रद्द होते. जमा प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात आणि रस्ता करात सवलतही मिळते.

आम्ही हाच मार्ग धरला. पैसे फार आले नाहीत. ट्रक यायच्या आधी आईने गाडी आतून-बाहेरून पुसली. मी म्हणालो, "आई, तोडायलाच चालली ना?" ती म्हणाली, "म्हनून काय मळकी पाठवू?" डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची एक वही सापडली. त्यात फक्त तारखा, गावांची नावे आणि किलोमीटर लिहिलेले होते. सौंदड, साकोली, गोंदिया, नागपूर. कोणाला नेले ते लिहिले नव्हते. उपकार लिहून ठेवायची त्यांना सवय नव्हती.

महिन्याभराने प्रमाणपत्र आले. त्यावर बाबांचे नाव शेवटचे छापलेले पाहिले आणि मग कुठे वाटले की गाडीचा निरोप पूर्ण झाला.

घरात आता गाडी नाही, माझी एक दुचाकी आहे. परवा रात्री अकराला शेजारच्या मुलीला दवाखान्यात न्यायचे होते. मी ओळखीच्या गाडीवाल्याला फोन केला, सोबत गेलो, भाडे दिले. परत आल्यावर आईने बाबांसारखेच विचारले, "पोचली ना नीट?"

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही अंगणात एखादी स्कूटर, लुना किंवा मोटार गंजत उभी असेल, तर या आठवड्यात तिचे आरसी बुक काढा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. ज्याने ती घामाच्या पैशाने घेतली, त्याचे नाव कोर्टाच्या नोटिशीवर येऊ देऊ नका.