मिठानं न उतरणारा गलगंड

गळ्याला सूज दिसली की चंद्रपूर असो वा गडचिरोली, उत्तर ठरलेलं: मिठात आयोडीन कमी पडलं. या समजुतीला आधार आहे. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचलं, आणि आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड त्यानं खरोखर टळतो. पण गळ्याच्या सुजेसोबत डोळे बटबटीत, हातांना कंप, छातीत धडधड आणि खाणं वाढूनही वजन उतरतं, असं असेल तर आजार बहुधा दुसराच. आयर्लंडच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो ‘ग्रेव्हजचा आजार’. यात थायरॉईड ग्रंथी उपाशी नसते; शरीरानंच तयार केलेली प्रतिपिंडं तिला दिवसरात्र टाच मारून पळवत असतात. वरून आयोडीन घेतलं तर प्रकरण चिघळू शकतं. नेहमीचं मीठ मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बदलू नये.

‘वाळत चाललाय, म्हणजे क्षय’ हाही तर्क होतो. क्षय तपासावाच, पण थायरॉईडसाठीची टीएसएच ही साधी रक्ततपासणीही करावी.

डोळ्यांबद्दल सर्वांत जास्त घोटाळा आहे. गळ्यातली सूज डोळे बाहेर ढकलत नाही. डोळ्यामागची चरबी आणि स्नायू सुजतात, म्हणून बुबुळं पुढे येतात. गोळ्यांनी थायरॉईड ताळ्यावर आली तरी डोळे आपोआप मागे जातील याची खात्री नाही. डोळ्यांचा आजार स्वतःच्या चालीनं चालतो, कधी रक्ततपासणी ठीक असतानाही. दोन-दोन दिसू लागलं, दुखू लागलं किंवा रंग फिके दिसू लागले तर थांबायचं नाही, नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

या डोळ्यांना सर्वांत वाईट काय, तर धूर. बिडीचा तेंदूपत्ता ज्या जंगलातून जातो, तिथेच हे सांगावं लागतं! धूम्रपानानं डोळ्यांचा त्रास वाढतो आणि उपचारांचा गुणही कमी येतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दल असा ठोस पुरावा नाही. त्याचा हिशेब तोंडाचा कर्करोग चुकता करतो.

‘बरं वाटलं, गोळ्या सोडल्या’ हे नेहमीचंच. थायरॉईडला आवरणारं कार्बिमाझोल साधारण 12 ते 18 महिने चालतं. मध्येच सोडलं की धडधड परतते. एक महत्त्वाचा अपवाद: ताप आला, घसा दुखला, तोंड आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. क्वचित या औषधानं पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. गडचिरोलीत ताप म्हटला की आधी हिवतापाची तपासणी होते, ती व्हावीच. पण गोळीचं पाकीट दाखवून पांढऱ्या पेशींची मोजणीही मागून घ्यावी.