दाखल्यावरची वर्तणूक, जिन्यावरचं कुलूप

लेखमाला : शाळेचं दप्तर (भाग 7)

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहून झाली, आधीच्या शाळेचं नाव आलं, की दोन छोटे रकाने लागतात: ‘अभ्यासातील प्रगती’ आणि ‘वर्तणूक’. दुसऱ्या रकान्यात बहुतेकांच्या नशिबी एकच शब्द येतो, ‘चांगली’. बाकाखाली लवंगी लावणाऱ्याचीही चांगली आणि दहा वर्षांत मान वर करून न बोललेलीचीही चांगली. तरीही या एका शब्दाच्या जोरावर आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना धाकात ठेवलं. ‘दाखल्यावर लाल शेरा मारीन’ आणि त्याहून वरचं ‘दाखला हातात देईन’ ही वाक्यं मराठी शाळेत शिकलेल्या कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

फीविषयीचा मागचा भाग वाचून गोरेगाव पूर्वेहून एका आईचा फोन आला. मुलगा नववीत. दप्तरात मोबाईल सापडला म्हणून पर्यवेक्षकांनी तो काढून घेतला. “त्याचं मला काही नाही, बरंच केलं,” ती म्हणाली. “पण मोठे सर म्हणतात, उद्या येऊन दाखला घेऊन जा. असं करता येतं का हो ताई?”

आठवीपर्यंतचं उत्तर सरळ आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम 17 प्रमाणे मारता येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही. (2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. गोरेगावात अशा शाळा पुष्कळ आहेत, म्हणून हा कंस.)

नववीत गेलं की हे छत्र डोक्यावरून जातं. कायद्याच्या भाषेत ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं मूल. आवाज फुटायला लागतो, उलट उत्तरं सुरू होतात, खिशात फोन येतो, नेमक्या त्या वयात संरक्षण संपतं. मग माध्यमिक शाळा संहिता उरते आणि शिस्तीच्या बाबतीत तिने मुख्याध्यापकांच्या हाती बरंच काही ठेवलं आहे. पण हवं ते करा, असं नव्हे. प्रकरण न्यायालयात गेलंच तर प्रश्न साधे असतात. पालकांना लेखी कळवलं होतं का? मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं का? चूक केवढी आणि शिक्षा केवढी? दप्तरातल्या एका मोबाईलसाठी वर्षाच्या मध्यावर दाखला हे या तिसऱ्या प्रश्नापुढे टिकणं अवघड. आणि मारण्याचं म्हणाल, तर तिथे वयाची पळवाट नाही. बाल न्याय कायद्याचं (2015) कलम 75 अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. ताब्यातल्या मुलाशी क्रौर्याने वागणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘छडी लागे छमछम’वाल्या आठवणी काढून हसणारे आपण सगळेच. पण नोव्हेंबर 2025 मध्ये वसईजवळच्या एका शाळेत उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. आठवडाभरात ती मुलगी गेली आणि शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला. त्यानंतर मला तरी ते हसू येईनासं झालं आहे.

त्या आईबरोबर मी शाळेत गेले. शाळेचं नाव सांगत नाही. सांगून काही वेगळं कळणारही नाही, कारण पुढे जे लिहिते आहे ते तुमच्या मुलाच्या शाळेतही असण्याची शक्यता मोठी आहे. साडेबाराची वेळ होती. सकाळचं अधिवेशन सुटत होतं, दुपारचं भरत होतं. गल्लीत रिक्षा, व्हॅन, डबेवाल्या आज्या आणि मधोमध एक टेम्पो. आम्हाला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. त्या तासाभरात वाचायला माझ्याकडे एकच पुस्तक होतं, मुलाची दैनंदिनी.

तिच्या शेवटच्या पानावर ‘विद्यार्थ्यांसाठी नियम’ होते, एकूण बावीस. केस तेल लावून विंचरलेले असावेत. नखं कापलेली असावीत. मेंदी, नेलपॉलिश, कडं, बाहेर दिसणारी साखळी नको. मोबाईल आणल्यास जप्त. मधल्या सुट्टीत जिन्यावर रेंगाळू नये. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. बावीसपैकी बावीस नियम मुलांनी काय करावं आणि काय करू नये याचे. मोठ्यांनी काय करायचं याचा एकही नाही. तसे नियम नाहीत असं नव्हे. ते पुष्कळ आहेत, पण मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या फायलीत आहेत. तिथून ते पालकांपर्यंतही येत नाहीत, मग मुलांपर्यंत कुठून येणार?

बसल्या जागेवरून दोन वस्तू दिसत होत्या. पहिली तक्रारपेटी. पत्र्याची, लाल, छोटं कुलूप लावलेली. शाळाशाळांत तक्रारपेटी बसवण्याचा आदेश राज्य सरकारने 2017 मध्येच काढला होता, तेव्हा ती होती हे ठीकच. पण ती टांगली होती मुख्याध्यापकांच्या दाराला लागून, शिपायाच्या स्टुलाच्या बरोबर वर, आणि तिच्या तोंडावर कॅमेरा रोखलेला. आठवीतल्या एखाद्या मुलीला एखाद्या सरांबद्दल चिठ्ठी टाकायची असेल, तर तिने ती शिपाई, कॅमेरा आणि दारातून ये-जा करणारे निम्मे शिक्षक यांच्यासमोर टाकायची. पेटीत काय निघतं, असं शिपाईदादांना विचारलं. म्हणाले, “चिंगमचे कागद. एकदा ‘पंखा चालत नाही’ अशी चिठ्ठी होती. तो पंखा अजून चालत नाही.”

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. गुन्हा नोंदवून घ्यायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. 20 ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि लोकल ठप्प झाल्या. शाळेतल्या कॅमेऱ्यांचं आधीच्या पंधरा दिवसांचं चित्रीकरणच मिळत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर जोशी यांच्या नेतृत्वाखाली शाळांतल्या सुरक्षेसाठी समिती नेमली. राज्य सरकारने 21 ऑगस्टला जो निर्णय काढला, त्यात महिन्याभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (ही तर 2022 पासूनच असायला हवी होती) आणि विद्यार्थी सुरक्षा समिती अशी यादी होती. अनुचित प्रकार कळला की चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा, असंही त्यात होतं.

या चोवीस तासांपाशी जरा थांबू, कारण शाळांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. चोवीस तास शिक्षणाधिकाऱ्यांसाठी आहेत. पोक्सो कायद्यात, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या 2012 च्या कायद्यात, अशी सवलत नाही. त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला शंका आली, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं असतं. या ‘ज्याला’मध्ये शिक्षिका आली, शिपाई आला, व्हॅनचा ड्रायव्हरही आला. आधी चौकशी समिती, मग संस्थाचालकांची बैठक, मग ‘मुलीच्या भवितव्याचा विचार’, मग वाटलं तर पोलीस, ही आपल्याकडची रीत कायद्यात कुठेच नाही. न कळवणं हा कलम 21 खाली वेगळा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद. पश्चिम उपनगरांतले असे खटले दिंडोशीच्या सत्र न्यायालयात चालतात, म्हणजे या शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर. तरी मी आजवर ज्या ज्या शिक्षकांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी ‘आम्ही मोठ्या सरांना सांगू’ असंच उत्तर दिलं. प्रामाणिकपणे दिलं. मोठ्या सरांना सांगितलं की आपलं कर्तव्य संपलं, असं त्यांनाही कुणीतरी शाळेतच शिकवलेलं असतं.

आणि मुलांना काय शिकवलेलं असतं? नियम क्रमांक चौदा, मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. घरीही तेच, शाळेतही तेच. ‘गुड टच, बॅड टच’चा वर्ग वर्षातून एकदा, चाळीस मिनिटांचा. नियम चौदा वर्षभर. दहा वर्षं ‘सर म्हणतील तसं’ ऐकलेल्या मुलीने एका दुपारी सरांना ‘नाही’ म्हणावं आणि नंतर ते कुणाला सांगावं, अशी आपली अपेक्षा आहे. सुरक्षेचा सगळा डोलारा मुलाच्या बोलण्यावर उभा आहे, आणि शिस्तीची सगळी मेहनत ते बोलणं कमी करण्यासाठी आहे. मला विचाराल तर त्या दैनंदिनीतला सगळ्यात धोकादायक नियम मोबाईलचा नाही, हा आहे.

बाकावरून दिसणारी दुसरी वस्तू म्हणजे मागच्या जिन्याचं लोखंडी जाळीचं दार. त्याला कुलूप. शाळा चार मजली, जिने दोन, पैकी एक बंद. कारण विचारलं तर लगेच मिळालं. “मुलं मागून पळतात. भिंतीवरून उड्या मारून वडापावच्या गाडीवर.” बरोबर आहे, पळतात. मीही पळाले आहे. फक्त आमच्या वेळी ती गाडी भेळेची होती.

16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम इथे एका शाळेच्या गवती छपराने पेट घेतला आणि 94 मुलं गेली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये, अविनाश मेहरोत्रा खटल्यात, देशभरच्या शाळांना अग्निशमनाची साधनं, इमारतीच्या सुरक्षिततेची तपासणी आणि शिक्षकांना आग लागल्यास काय करायचं याचं प्रशिक्षण बंधनकारक केलं. सुरक्षित शाळेत शिकणं हाच शिक्षणाच्या हक्काचा भाग, असंही म्हटलं. महाराष्ट्राचा आगप्रतिबंधक कायदा 2006 चा. त्याप्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. या शाळेतही ते असणार. लाल सिलेंडर भिंतीवर होते, तारखेचे स्टिकर ताजे होते. कुलूप लावलेला जिना प्रमाणपत्रात दिसत नाही, कारण तपासणीच्या दिवशी तो उघडा असतो.

फाटकाबाहेर शाळेची जबाबदारी संपते, असं पालकांनाही वाटतं आणि शाळेला तर फारच वाटतं. स्कूल बसबद्दलचे राज्याचे नियम 2011 सालचे आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, अध्यक्ष मुख्याध्यापक, आणि बसमध्ये मुली असतील तर महिला सहायक. पण गोरेगावातली कितीतरी मुलं बसने येतच नाहीत. रिक्षावाले काका, शेजारची ताई, नाहीतर पायी. आरेतल्या पाड्यांवरची मुलं सकाळी गटाने निघतात, थंडीत उजाडण्याआधी बॅटरी घेऊन, मोठ्याने गप्पा मारत. त्या रस्त्यावर बिबट्या असतो हे त्यांना शाळेने सांगितलेलं नाही, आजीने सांगितलं आहे. आणि 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला त्या मंगळवारी, ज्या शाळांनी ‘लवकर सोडून देऊ’ म्हटलं त्यांची मुलं कमरेएवढ्या पाण्यात सापडली. ज्यांनी वर्गातच ठेवून घेतली, त्यांनी रात्रभर बिस्किटं वाटली आणि बाकं जोडून मुलं झोपवली. लेखी धोरण तेव्हा दोघांकडेही नव्हतं.

आत बोलावणं आलं. मोठे सर तसे चांगले गृहस्थ निघाले. दाखल्याचं म्हणे नुसतं घाबरवण्यासाठी होतं. मुलाने माफीनामा लिहिला, आईने खाली सही केली, मोबाईल तिच्या हातात मिळाला. ‘वर्तणूक चांगली’ राहणार असं आश्वासनही मिळालं. मी तक्रारपेटीबद्दल बोलले, तेव्हा त्यांनी ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वळणावर हलवायचं मान्य केलं आणि शिपायाला तिथल्या तिथे स्क्रू काढायला सांगितले. हेही लिहिलं पाहिजे.

मग जिन्याचा विषय काढला. “कुलूप आहे, पण चावी असते ना,” ते म्हणाले. “आणीबाणीत लगेच उघडतो.” चावी कुणाकडे? सरांनी शिपाईदादांकडे पाहिलं. शिपाईदादा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते. म्हणाले, “दुपारच्या पर्यवेक्षक बाईंच्या पर्समध्ये. आज बाई रजेवर आहेत.”