चिमूटभर पित्तक्षार, तेलाची जेली

आयसोऑक्टेन हा पेट्रोलच्या जातकुळीतला पातळ, रंगहीन द्रव. त्यात सोयाबीनमधून निघणारे लेसिथिन विरघळवले तरी तो पातळच राहतो. मात्र त्यात किंचित पाणी घालून ढवळले आणि लेसिथिनच्या एकेका रेणूमागे पाण्याचे दोन-तीन रेणू आले, की त्याची पारदर्शक जेली होते. बाटली उपडी केली तरी ओघळत नाही. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील स्कार्टाझ्झिनी आणि लुईजी यांनी हा प्रकार १९८८ मध्ये प्रसिद्ध केला.

लेसिथिन हा साबणाप्रमाणेच सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते, तर दोन्ही शेपट्या तेलात रमतात. म्हणून तेलात डोकी आत आणि शेपट्या बाहेर अशी काही नॅनोमीटरची पुंजकी आपोआप जुळतात. हीच उलटी मिसेल. शेपट्या पसरट आणि डोके त्या मानाने लहान, म्हणून पुंजके आटोपशीर, गोलसर राहते. डोक्यांमध्ये पाणी शिरले की तिथली जागा वाढते, गोलाई कमी होते आणि पुंजके लांबत जाते. अशा लांबलचक मिसेल शेवयांसारख्या एकमेकींत गुंततात आणि द्रव वाहायचा थांबतो.

पण पाणी जरा जास्त झाले की सगळेच बिनसते, थर वेगळे होतात. २००६ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात श्रीनिवास राघवन यांच्या गटाने पाण्याचे काम पित्तक्षारांकडून करून घेतले. आपल्या पित्तातले हे क्षार चरबी पचवायला मदत करतात. ते एकटे तेलात विरघळतच नाहीत आणि एकट्या लेसिथिनने तेल घट्ट होत नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र जमते. पित्तक्षाराचा ताठ स्टेरॉइड सांगाडा लेसिथिनच्या डोक्यांमध्ये शिरतो आणि त्याचे हायड्रॉक्सिल गट तिथल्या फॉस्फेटशी हायड्रोजन बंध जोडतात. हे बंध नाजूक असतात. तापवल्यावर ते ढिले पडतात, मिसेल आखूड होतात आणि जेली पातळ होते.

लेसिथिन आणि पित्तक्षार दोन्ही आपल्या शरीरातलेच, त्यामुळे त्वचेवाटे औषध देण्यासाठी लेसिथिनच्या अशा जेलींवर संशोधन होते. आयसोऑक्टेन अर्थातच त्वचेवर चालणारे नाही. त्याऐवजी सौंदर्यप्रसाधनांत रुळलेले आयसोप्रोपिल पाल्मिटेट वापरता येते.