नुसता मुलामा पॅलेडियमचा

इंधन घटावर चालणारी मोटार खाण्यापिण्याच्या बाबतीत भलतीच चोखंदळ असते. तिच्या टाकीतला हायड्रोजन आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ९९.९७ टक्के शुद्ध हवा. त्यातही एक कोटी रेणूंमागे कार्बन मोनॉक्साइडचे दोन चालतात, अमोनियाचा जेमतेम एक. आणि हायड्रोजन तयार होतो तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून, नको त्या वायूंच्या गर्दीत.

मोठ्या कारखान्यांत हे मिश्रण दाबाखाली शोषक दाण्यांच्या टाक्यांतून सोडतात. बाकीचे वायू दाण्यांना चिकटतात, हायड्रोजन पुढे निघून जातो. पंपाशेजारी मावेल एवढ्या लहान यंत्रणेला मात्र हा पसारा झेपत नाही. तिथे धातूचा पडदा कामी येतो.

धातूचा पत्रा वायूला वाट देतो, हे ऐकायला विचित्र वाटते. लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये दाखवले, की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो. या पत्र्याला भोके नसतात. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर फुटतो, सुटे अणू धातूत विरघळतात, पलीकडे पोहोचून पुन्हा जोडीने बाहेर पडतात. इतर वायूंना ही विद्या येत नाही, म्हणून शुद्धता जवळपास पूर्ण मिळते.

शुद्ध पॅलेडियम सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या खाली हायड्रोजनने फुगून तडकतो. त्यात साधारण २३ टक्के चांदी मिसळली की हा त्रास बराच आटोक्यात येतो. उरतो तो किमतीचा प्रश्न. मार्च २०२२ मध्ये पॅलेडियमचा भाव औंसाला तीन हजार डॉलरच्या वर गेला होता. पुरवठा मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या हाती.

मग नजर वळते व्हॅनेडियम, निओबियम आणि टँटलम या भावंडांकडे. पोलाद बळकट करण्यासाठी वापरला जाणारा व्हॅनेडियम पॅलेडियमपेक्षा कितीतरी स्वस्त. त्याच्या अणूंच्या जाळीत हायड्रोजनला छोट्या छोट्या उड्या मारत झपाट्याने सरकता येते, त्यामुळे तो पॅलेडियमच्या दहापटींहूनही जास्त हायड्रोजन पलीकडे पोहोचवू शकतो. दोन खोडी मात्र आहेत. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसला की रेणू फुटतच नाहीत. दुसरी खोड अधिक गमतीची: हायड्रोजनचे त्याला इतके आकर्षण, की तो गरजेपेक्षा जास्त गिळतो, फुगतो आणि ठिसूळ होऊन तुटतो. गुण तोच, दोषही तोच.

पहिल्या खोडीवर पितळेच्या भांड्याला कल्हई करावी तसा उपाय आहे: दोन्ही बाजूंना पॅलेडियमचा पातळ मुलामा. एका बाजूला रेणू फोडायचे, दुसरीकडे जुळवायचे. मधली वाट व्हॅनेडियमची. दुसऱ्या खोडीसाठी मिश्रधातू. निकेल किंवा ॲल्युमिनियम थोडे मिसळले की व्हॅनेडियमची भूक कमी होते. वहनाचा वेग थोडा घटतो, पण पडदा टिकतो, आणि इथे टिकण्यालाच जास्त किंमत आहे. जपानमधील कितामी तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी निओबियम, टायटॅनियम आणि निकेल यांचा दुपदरी मिश्रधातू घडवला: निओबियमचे कण हायड्रोजन वाहून नेतात, टायटॅनियम-निकेलचा भाग तडे थोपवून धरतो.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने व्हॅनेडियमच्या नळ्या वापरल्या. तिचा कच्चा माल अमोनिया. वजनाने सुमारे पावणेअठरा टक्के हायड्रोजन असलेला हा वायू माफक दाबाखाली द्रव होतो, म्हणून जहाजाने नेणे सोपे. पोहोचल्यावर तो उत्प्रेरकावर तापवून फोडला, की तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन मिळतो, सोबत न फुटलेला थोडा अमोनियाही. नळ्यांमधून फक्त हायड्रोजन पार होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ब्रिस्बेनला अशा हायड्रोजनवर टोयोटा मिराई आणि ह्युंदाई नेक्सो या मोटारी चालवून दाखवण्यात आल्या.

प्रात्यक्षिक आणि रोजचा धंदा यांत अंतर आहे, आणि ते तापमानाचे आहे. यंत्रणा फार तापवली तर मुलाम्याचा पॅलेडियम हळूहळू व्हॅनेडियममध्ये मुरतो आणि पृष्ठभाग निकामी होतो. थंड करताना धोका उलटा: तापमान उतरते तशी धातूची हायड्रोजन गिळण्याची क्षमता वाढते. म्हणून यंत्र बंद करण्याआधी नळ्यांतला हायड्रोजन पूर्ण काढून टाकावा लागतो. वीज अचानक गेली तरी हे काम आपोआप व्हायला हवे. नाहीतर नळी तडकते आणि शुद्ध हायड्रोजनात अमोनिया मिसळतो.